ब्रिटनमधली कॉन्ट्रॅक्टरची लिमिटेड कंपनी बंद करताना: कर, अकाउंटंटची फी आणि २५,००० पौंडांची मर्यादा

६ एप्रिल २०२१ पासून ब्रिटनच्या खासगी क्षेत्रातही आयआर३५ (स्वतःच्या कंपनीतून काम करणारा करापुरता नोकरदारच आहे का, हे पाहणारा नियम) ठरवण्याची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या क्लायंटकडे गेली. त्यानंतर स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करणाऱ्या अनेकांनी पगाराची नोकरी धरली किंवा अम्ब्रेला कंपनी (कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारावर ठेवणारी मध्यस्थ कंपनी) गाठली. आयटीतल्या मराठी मंडळींमध्येही असे बरेच आहेत. कंपनी मात्र तशीच उभी राहते. खात्यात पैसे असतात, अकाउंटंटची मासिक फी चालू असते, आणि ‘बंद करू सावकाश’ म्हणता म्हणता वर्ष उलटतं. बंद करण्याची सरकारी फी किरकोळ आहे. खरा खर्च होतो तो पैसे चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या तारखेला काढल्यामुळे. म्हणून फॉर्म भरण्याआधी हिशेब मांडा.

पहिला आकडा काढायचा तो म्हणजे सगळी देणी भागवून भागधारकांच्या हातात किती उरणार. बँकेतली शिल्लक आणि यायची असलेली इनव्हॉइस यांची बेरीज करा. त्यातून शेवटचा व्हॅट, पीएवायई (पगारातून कापलेला कर), कॉर्पोरेशन टॅक्स, अकाउंटंटची शेवटची फी, आणि तुम्ही कंपनीला उसने दिलेले पैसे वजा करा. तुमचं कर्ज तुम्हाला परत मिळणं म्हणजे नफावाटप नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही आणि पुढच्या मर्यादेतही ते मोजलं जात नाही. कॉर्पोरेशन टॅक्सचा अंदाज बांधताना दर नीट पाहा: ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, २,५०,००० च्या वर २५ टक्के, आणि मधल्या पट्ट्यात मार्जिनल रिलीफ, म्हणजे दर हळूहळू चढवणारी सवलत. शेवटचा हिशेबी काळ बारा महिन्यांपेक्षा छोटा असेल तर या मर्यादाही त्याच प्रमाणात आकसतात. सहा महिन्यांचाच काळ असेल तर १९ टक्क्यांची मर्यादा २५,००० वर येते, आणि नेमकं हेच घरच्या एक्सेलमध्ये सुटतं.

उरलेला आकडा २५,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल तर वाट सोपी आहे. डीएस०१ फॉर्म भरून कंपनी स्ट्राइक ऑफ करायची, म्हणजे सरकारी नोंदवहीतून तिचं नाव काढून टाकायचं. मार्च २०१२ पासून कायद्यात सोय आहे की अशा वेळी वाटलेली रक्कम एकूण २५,००० च्या आत असेल तर ती डिव्हिडंड न धरता भांडवली रक्कम धरली जाते, म्हणजे तिच्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स लागतो. ही मर्यादा कंपनीची आहे, भागधारकाची नाही. नवरा-बायको दोघे भागधारक असले म्हणून ती ५०,००० होत नाही.

मर्यादा ओलांडली तर फक्त वरच्या रकमेवर डिव्हिडंडचा कर लागतो असा समज सर्रास आढळतो. तो चूक आहे. २५,००१ पौंड वाटले तर अख्खे २५,००१ डिव्हिडंड ठरतात. त्यामुळे काठावर वाटप करू नका. बँकेचं शेवटच्या महिन्याचं व्याज, एचएमआरसीकडून (ब्रिटनच्या करखात्याकडून) आलेला छोटा परतावा, व्हॅटची उशिरा मिळालेली रक्कम, अशा किरकोळ गोष्टींनी आकडा पलीकडे जातो. पाच-सातशे पौंडांची मोकळी जागा ठेवा. शिवाय वाटपानंतर दोन वर्षांत कंपनी प्रत्यक्ष विसर्जित झाली नाही, किंवा तिने येणी वसूल करून देणी चुकती केली नाहीत, तर ही सवलत मागे घेतली जाते.

२५,००० च्या वर असाल तर दुसरी वाट मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशनची, म्हणजे एमव्हीएलची. इथे परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर (कंपन्या गुंडाळण्याचं काम करणारा व्यावसायिक) लिक्विडेटर म्हणून नेमावा लागतो आणि रक्कम कितीही असली तरी वाटप भांडवली धरलं जातं. संचालकांना कंपनी बारा महिन्यांत सगळी देणी व्याजासह देऊ शकते असं शपथपत्र करावं लागतं. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत भागधारकांचा ७५ टक्के बहुमताचा ठराव होतो आणि गॅझेटमध्ये जाहिरात येते. वाजवी आधाराशिवाय असं शपथपत्र करणं हा गुन्हा आहे, म्हणून एचएमआरसीचं एखादं जुनं देणं किंवा क्लायंटशी वाद शिल्लक असेल तर तो आधी मिटवा.

आता दर. ६ एप्रिल २०२६ पासून डिव्हिडंडवर बेसिक पट्ट्यात १०.७५ टक्के, हायर पट्ट्यात ३५.७५ टक्के आणि त्याच्या वर ३९.३५ टक्के. करमुक्त डिव्हिडंड फक्त ५०० पौंड. कॅपिटल गेन्सचा दर बेसिक पट्ट्यात १८ आणि वर २४ टक्के, वार्षिक सूट ३,००० पौंड. बिझनेस असेट डिस्पोजल रिलीफ, म्हणजेच बीएडीआर (व्यवसाय विकताना किंवा बंद करताना मिळणारी करसवलत), मिळाला तर १८ टक्के. हाच दर एप्रिल २०२५ पर्यंत १० टक्के होता आणि २०२५-२६ मध्ये १४. जुन्या लेखांमधली ‘एमव्हीएल करा, दहा टक्क्यांत सुटा’ ही ओळ आता विसरायची. बीएडीआरचा फायदा हायर पट्ट्यातल्यांना सहा टक्क्यांचा उरला आहे, बेसिक पट्ट्यातल्यांना शून्य.

एक उदाहरण पूर्ण सोडवू, कारण सल्ला इथेच बदलतो. समजा एकच भागधारक आहे, देणी देऊन ४५,००० पौंड उरतात, आणि कॉन्ट्रॅक्ट सोडून ५२,००० पगाराची नोकरी लागली आहे. म्हणजे तो आधीच हायर पट्ट्यात आहे.

सगळे पैसे त्याच वर्षात डिव्हिडंड म्हणून काढले, किंवा स्ट्राइक ऑफमध्ये ४५,००० एकदम वाटून बसला, तर ४४,५०० वर ३५.७५ टक्के, म्हणजे सुमारे १५,९०९ पौंड कर.

एमव्हीएल केलं आणि फी २,००० अधिक व्हॅट, म्हणजे २,४०० धरली, तर हातात येतात ४२,६००. सूट वजा जाता ३९,६०० वर १८ टक्के, ७,१२८ कर. फी आणि कर मिळून ९,५२८. बीएडीआर बसत नसेल तर २४ टक्क्यांनी हीच बेरीज ११,९०४ होते.

तिसरा मार्ग: आधी २०,००० चा नेहमीसारखा डिव्हिडंड, मग पुढे २५,००० स्ट्राइक ऑफमध्ये. डिव्हिडंडही नोकरीच्याच वर्षात पडला तर त्यावर ६,९७१ आणि भांडवली भागावर (बीएडीआर धरून) ३,९६०, एकूण १०,९३१. एमव्हीएलपेक्षा १,४०० पौंडच जास्त, आणि लिक्विडेटरची भानगड नाही. पण हाच डिव्हिडंड आदल्या करवर्षात घेतला, जेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपून घरी बसला होता आणि कंपनीकडून १२,५७० चा पगार सोडून काही उत्पन्न नव्हतं, तर त्यावर फक्त २,०९६ कर. एकूण ६,०५६. चारही पर्यायांत हा सर्वांत स्वस्त.

म्हणूनच तीस ते पन्नास हजारांच्या शिल्लकीला डोळे मिटून एमव्हीएलची सही करू नये असं आमचं ठाम मत आहे. साठ-सत्तर हजारांच्या पुढे मात्र एमव्हीएलची फी सहज वसूल होते. आधीचा डिव्हिडंड खरोखर नेहमीचा डिव्हिडंड असला पाहिजे: वितरणयोग्य नफ्यातून दिलेला, संचालकांच्या ठरावाची नोंद आणि व्हाउचर असलेला, शक्यतो कंपनी चालू असताना. डीएस०१ च्या आदल्या आठवड्यात घाईघाईने काढलेला डिव्हिडंड एचएमआरसी बंद करण्याच्या वाटपाचाच भाग म्हणू शकते, आणि मग २५,००० ची सवलतच हातची जाते.

पेन्शनचाही विचार याच टप्प्यावर करा. कंपनीने तुमच्या पेन्शनमध्ये भरलेली रक्कम कॉर्पोरेशन टॅक्समधून वजा होते. वार्षिक मर्यादा साधारणपणे ६०,००० पौंड आहे, आणि आधीच्या तीन वर्षांची न वापरलेली मर्यादाही जोडता येऊ शकते. पण पैसे व्यवसाय थांबण्याआधी प्रत्यक्ष भरलेले हवेत, आणि एप्रिल २०२८ पासून ते ५७ व्या वर्षापर्यंत अडकतात.

बीएडीआरसाठी कंपनी ट्रेडिंग (प्रत्यक्ष व्यवसाय करणारी) कंपनी असावी लागते, तुमच्याकडे किमान ५ टक्के भाग आणि मताधिकार असावे लागतात, आणि तुम्ही संचालक, सेक्रेटरी किंवा कर्मचारी असावे लागता. हे सगळं व्यवसाय थांबण्याआधीची सलग दोन वर्षं. वाटप व्यवसाय थांबल्यापासून तीन वर्षांत झालं पाहिजे. गडबड बहुधा जोडीदाराच्या भागांवर होते. बायकोच्या नावावर ४० टक्के भाग आहेत, पण ती कधीच संचालक नव्हती आणि पगारावरही नव्हती, तर तिच्या हिश्श्याला बीएडीआर नाही. कंपनी बंद करायच्या महिन्यात तिला संचालक करून काही साधत नाही, दोन वर्षं लागतात. कंपनीच्या पैशातून भाड्याने द्यायला घर किंवा शेअर घेतले असतील तरी ‘ट्रेडिंग’चा प्रश्न उभा राहतो. हा दावा आपोआप लागू होत नाही, सेल्फ असेसमेंटमध्ये (तुमच्या वैयक्तिक करविवरणपत्रात) करावा लागतो. २०२६-२७ मधल्या वाटपासाठी शेवटची तारीख ३१ जानेवारी २०२९.

करवर्ष ठरतं ते पैसे तुमच्या हातात आल्याच्या तारखेवरून, लिक्विडेटर नेमल्याच्या नव्हे. ही गोष्ट उपयोगाचीही आहे. वाटपाचे दोन हप्ते, एक मार्चमध्ये आणि दुसरा ६ एप्रिल किंवा त्यानंतर, असे पाडले तर दोन वर्षांची ३,००० ची सूट मिळते.

एमव्हीएल केल्यावर पुन्हा कॉन्ट्रॅक्टिंगकडे वळणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा धोका आहे तो एप्रिल २०१६ पासूनच्या करचुकवेगिरीविरोधी नियमाचा. वाटप झाल्यापासून दोन वर्षांत तुम्ही तोच किंवा तसाच व्यवसाय पुन्हा सुरू केलात, मग तो नव्या कंपनीतून असो, एकट्याने असो, किंवा जवळच्या नातेवाइकाच्या कंपनीत सामील होऊन असो, आणि कंपनी गुंडाळण्यामागे कर वाचवणं हा एक मुख्य हेतू होता असं वाजवीपणे म्हणता आलं, तर ते वाटप डिव्हिडंड म्हणून करपात्र होतं. लिक्विडेटरची फी गेली ती गेलीच. एचएमआरसी याला आगाऊ हिरवा कंदील देत नाही, निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. प्रत्येक हप्त्यासाठी दोन वर्षं वेगळी मोजायची. हेतूचा प्रश्न आला की कागद बोलतात, म्हणून नोकरीचं ऑफर लेटर, क्लायंटने आयआर३५ च्या आत असल्याचं दिलेलं पत्र, देश सोडण्याची तिकिटं, असं सगळं जपून ठेवा. सहा महिन्यांत पुन्हा कॉन्ट्रॅक्ट घेण्याची शक्यता दिसत असेल तर कंपनी काही काळ निष्क्रिय ठेवणं बरं. तिचा वर्षाचा खर्च चुकीच्या एमव्हीएलपेक्षा खूपच कमी असतो.

प्रत्यक्ष बंद करण्याचा क्रम असा ठेवा. शेवटचं इनव्हॉइस काढा आणि व्यवसाय थांबल्याची तारीख लेखी ठरवा, कारण त्या तारखेला कॉर्पोरेशन टॅक्सचा हिशेबी काळ संपतो. तुमचं आर्थिक वर्ष मार्चअखेर असेल आणि व्यवसाय जुलैत थांबला, तर एप्रिल ते जुलै एक काळ आणि पुढचा वेगळा. अकाउंटंट दोन सीटी६०० ची (कॉर्पोरेशन टॅक्सच्या विवरणपत्रांची) फी मागतो तेव्हा बहुधा कारण हेच असतं. ट्रेड थांबवून नुसती रोकड बाळगत बसलेली कंपनी ‘क्लोज इन्व्हेस्टमेंट होल्डिंग’ ठरू शकते, आणि मग बँकेच्या व्याजावर १९ ऐवजी २५ टक्के कर. म्हणून थांबल्यावर रेंगाळू नका.

शेवटच्या अकाउंट्सची फी आणि कामाच्या विम्याचं रन-ऑफ कव्हर (काम थांबल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचं संरक्षण) यांची तरतूद थांबण्याच्या तारखेआधीच्या हिशेबात घ्या, म्हणजे नफ्यातून वजा होतात. लिक्विडेटरची फी मात्र वजा मिळत नाही. शेवटच्या बारा महिन्यांत तोटा झाला असेल तर तो मागच्या तीन वर्षांच्या नफ्यातून वळता करून कर परत मागता येतो. कॉन्ट्रॅक्ट नसताना कंपनीकडून पगार घेतलेल्यांनी हे नक्की तपासावं.

व्हॅटची नोंदणी करपात्र काम थांबल्यापासून ३० दिवसांत रद्द करायची. शेवटचं इनव्हॉइस निघण्याआधी मात्र करू नका. लॅपटॉप-मॉनिटरसारख्या वस्तूंवर आधी व्हॅट परत घेतला असेल तर त्यांच्या आजच्या किमतीवरचा व्हॅट भरावा लागतो, पण तो एकूण १,००० पौंडांच्या आत असेल तर माफ. नोंदणी रद्द झाल्यावर आलेल्या अकाउंटंटच्या बिलावरचा व्हॅट व्हॅट४२७ फॉर्मने मागता येतो. पीएवायईची शेवटची एफपीएस (पगाराची एचएमआरसीला जाणारी माहिती) ‘योजना बंद’ अशी खूण आणि तारीख टाकून पाठवा आणि स्वतःला पी४५ (नोकरी संपल्याचा कर-दाखला) द्या. ही खूण राहिली तर एचएमआरसी अंदाजाने मागण्या पाठवत राहते, आणि त्याच मागण्या पुढे स्ट्राइक ऑफ अडवतात.

संचालकाने कंपनीकडून घेतलेलं कर्ज शिल्लक असेल तर ते वाटपाआधी मिटवा. कलम ४५५ चा कर (असं कर्ज वेळेत फिटलं नाही तर कंपनीला लागणारा) आधी भरलेला असेल तर तो परत मिळतो, पण कर्ज फेडलं त्या हिशेबी काळाच्या अखेरीनंतर नऊ महिने आणि एक दिवसाने. तोवर कंपनी विसर्जित झाली तर परतावा घ्यायला कुणी उरत नाही. अशा वेळी बंद करणं तेवढं पुढे ढकला.

मग अंतिम अकाउंट्स आणि सीटी६०० एचएमआरसीला द्या, ‘हे शेवटचे ट्रेडिंग अकाउंट्स, कंपनी लवकरच स्ट्राइक ऑफ होईल’ असं लिहून. कंपनीज हाऊसला (कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाला) अंतिम अकाउंट्स द्यावे लागत नाहीत, त्यासाठी कुणी वेगळी फी लावली तर विचारा. एचएमआरसीची मोफत ऑनलाइन भरणा सेवा ३१ मार्च २०२६ ला बंद झाली, त्यामुळे स्वतः भरायचं असेल तर विकतचं सॉफ्टवेअर लागेल. कर भरायला कायद्याने नऊ महिने मिळत असले तरी तो लगेच भरून टाका. येणं बाकी दिसलं की एचएमआरसी आक्षेप घेते.

डीएस०१ भरताना मागच्या तीन महिन्यांत कंपनीने व्यवसाय केलेला नसावा आणि नाव बदललेलं नसावं. जुनी येणी वसूल करणं व्यवसायात धरलं जात नाही. अर्जाची प्रत सात दिवसांत सगळ्या भागधारकांना, देणेकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना आणि सही न केलेल्या संचालकांना द्यावी लागते. एचएमआरसीलाही पाठवा. गॅझेटमध्ये सूचना येते, आणि आक्षेप आला नाही तर दोन महिन्यांनी कंपनी विसर्जित होते. बँकेतलं सगळं त्याआधी निघालं पाहिजे. विसर्जनाच्या दिवशी खात्यात उरलेला प्रत्येक पेनी बेवारस मालमत्ता म्हणून राजसत्तेकडे जातो. स्वेच्छेने स्ट्राइक ऑफ केलेली कंपनी पुन्हा उभी करायला कोर्टाचा आदेश लागतो आणि त्याचा खर्च उरलेल्या रकमेला गिळून टाकतो. बाउन्स बॅक लोन (कोविडकाळात सरकारी हमीवर मिळालेलं कर्ज) शिल्लक असताना स्ट्राइक ऑफचा विचारही नको. २०२१ च्या कायद्याने विसर्जित कंपन्यांच्या संचालकांचीही चौकशी होते.

आता फी. कॉन्ट्रॅक्टर अकाउंटंटचं मासिक पॅकेज साधारण १०० ते १५० पौंड अधिक व्हॅट असतं. बंद करण्याचं काम त्यात येतं की नाही हे करारपत्रात आधी पाहा. स्ट्राइक ऑफसाठी वेगळे दोनशे ते पाचशे पौंड मागणं नेहमीचं आहे. लेखी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: अंतिम अकाउंट्स आणि प्रत्येक सीटी६०० यांची फी किती, व्हॅट आणि पीएवायई बंद करण्याचे वेगळे पैसे आहेत का, मासिक फी कोणत्या तारखेला थांबते, नोटीस किती, आणि बीएडीआरच्या दाव्यासह तुमचं वैयक्तिक सेल्फ असेसमेंट कोण करणार. हे शेवटचं बहुतेक पॅकेजांत नसतं आणि पुढच्या जानेवारीत आठवतं. आधी पॅकेज रद्द करून मग अंतिम अकाउंट्स मागू नका, एकेका कामाचे सुटे दर जास्त पडतात.

एमव्हीएलची फी साध्या कॉन्ट्रॅक्टर कंपनीला १,५०० ते ३,००० अधिक व्हॅटच्या आसपास. कोटेशन घेताना गॅझेटच्या जाहिराती आणि विमा बाँड धरले आहेत का, पहिलं वाटप किती दिवसांत, आणि किती रक्कम राखून ठेवणार हे विचारा. रोकडच असलेल्या स्वच्छ कंपनीत बराचसा पैसा नेमणुकीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत मिळू शकतो. त्यासाठी देणं निघाल्यास परत करीन अशी हमी द्यावी लागते. उरलेला हप्ता एचएमआरसीच्या उत्तरानंतर, आणि त्याला महिने लागतात. अकाउंटंटने सुचवलेला लिक्विडेटर त्याला कमिशन देत असू शकतो, म्हणून आणखी दोन कोटेशन घ्या.

पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांनी शक्यतो कंपनी आधी बंद करावी. भारतात राहून वाटप घेतलं की ब्रिटनमध्ये ‘तात्पुरते अनिवासी’ हा नियम आडवा येतो: आधीच्या सात करवर्षांपैकी किमान चार वर्षं तिथे निवासी असाल आणि पाच वर्षांच्या आत परत गेलात, तर बाहेर असताना घेतलेल्या रकमेवर परतल्या वर्षी कर लागू शकतो. भारतात सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले’ हा दर्जा मिळत असेल तर परदेशी उत्पन्नावर बहुधा कर नाही. मात्र पैसे आधी ब्रिटनमधल्या खात्यात घ्या. ते थेट भारतातल्या खात्यात आले तर भारतात मिळालेलं उत्पन्न ठरतात. सामान्य निवासी झाल्यावर कंपनी अजून जिवंत असेल तर तिचे भाग विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावेच लागतात. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएला दिलेली एका बैठकीची फी इथे सार्थकी लागते.

इनव्हॉइस, बँक स्टेटमेंट आणि पावत्या विसर्जनानंतर सात वर्षं ठेवा. कर्मचारी ठेवले असतील तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी विम्याची पॉलिसी ४० वर्षं. अकाउंटंटच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरचं सदस्यत्व बंद होण्याआधी सगळा डेटा उतरवून घ्या, नंतर लॉगिन चालत नाही.